मामांचा यशिका मॅट १२४ जी : मीटरचं ऐकू की डोळ्यांचं?

भटकी_वाई

नमस्कार मंडळी. मामांचा कराडला फोटो स्टुडिओ होता. तिथं वापरात असलेला यशिका मॅट १२४ जी हा वर-खाली दोन लेन्सचा फिल्म कॅमेरा त्यांनी मला दिला आहे. लेन्स स्वच्छ आहे, क्रँक व्यवस्थित फिरते, शटर सगळ्या वेगांना उघडतं-मिटतं, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटाही हलतो. घड्याळाच्या दुकानातून ६२५ नंबरचा नवा सेल आणून बसवला, एचपी५ प्लस या काळ्या-पांढऱ्या फिल्मचा रोल भरला, डायलवर फिल्मचा वेग ४०० लावला आणि मीटरचे दोन्ही काटे जुळवून फोटो काढले.

रोल धुऊन आला. घाटावर उन्हात काढलेले फोटो चालण्यासारखे आहेत. वाड्याच्या ओसरीत काढलेले मात्र फारच पातळ आहेत. आजीच्या कपाळाचा आणि नाकाचा भाग दिसतो, पण नऊवारीचा गडद पदर आणि मागचा लाकडी खांब निगेटिव्हवर उमटलेलेच नाहीत. तिथली फिल्म नुसती काचेसारखी स्वच्छ आहे. लॅबवाले म्हणतात, अंडर एक्स्पोजर आहे, धुण्यात काही गडबड नाही. फोनवरच्या लाइट मीटर ॲपशी ताडून पाहिलं. कॅमेऱ्याचा मीटर दरवेळी कमी एक्स्पोजर सांगतो, कधी अर्धा स्टॉप तर कधी दीड (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

मीटर बिघडलाय असं समजायचं का? आणि तो बाजूला ठेवला तर एक्स्पोजर ठरवायचं कशावरून? मामांना विचारलं तर म्हणतात, "सवयीनं कळतं." ती सवय लागायची कशी, हे कुणी नीट सांगाल का?

लाल_दिवा

ताई, आधी निगेटिव्ह हातात घ्या आणि कडेला छापलेले आकडे नि फिल्मचं नाव बघा. ती अक्षरं कारखान्यातच फिल्मवर उमटवलेली असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही, ती फक्त धुण्यात उघड होतात. अक्षरं काळीभोर, ठसठशीत असतील तर लॅबचं काम चोख आहे. तीही फिकी असतील तर रोल कमी धुतला गेलाय. सावलीच्या जागी फिल्म काचेसारखी स्वच्छ आहे म्हणताय, म्हणजे तिथं उजेड पोचलाच नाही. अक्षरं ठसठशीत निघाली तर हे अंडरच.

आता सेल. हा कॅमेरा १९७० साली आला आणि १९८६ पर्यंत बनत होता. त्याचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालेल असा जुळवलेला आहे. त्या सेलची खासियत अशी की तो संपेपर्यंत १.३५ वरच राहायचा, मग एकदम मान टाकायचा. पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले. आज ६२५ नावानं मिळतो तो बहुतेक वेळा अल्कलाइन असतो. आकार तोच, पण नवा असताना दीड व्होल्ट, आणि वापराल तसा हळूहळू उतरत जाणारा. व्होल्टेज जास्त मिळालं की काटा जास्त चढतो. मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि तो तुम्हाला ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक, बंद करायला सांगतो. निगेटिव्ह पातळ येणारच.

मीटर बिघडलाय म्हणून लगेच दुरुस्तीला टाकू नका. आधी सेल बदला. श्रवणयंत्रांच्या दुकानात ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल मिळतो. तो साधारण १.४ व्होल्ट देतो आणि बराच काळ त्याच पातळीवर राहतो. पाठीवरचा स्टिकर काढल्यावर लगेच बसवू नका. एक-दोन मिनिटं हवा खाऊ द्या, मग तो पुरा जोर धरतो. एकदा स्टिकर निघाला की वापरा किंवा नका वापरू, काही आठवड्यांत तो संपतो. त्यामुळे रोल भरायच्या वेळीच उघडायचा. ६२५ पेक्षा तो अंगानं बारीक आहे, खोबणीत हलतो. भोवती रबराची पातळ रिंग बसवा. पाठीवरची भोकं मात्र झाकू नका.

ओहम

लाल_दिवा काकांनी सांगितलं त्यामागचं कारण थोडक्यात. या मीटरमध्ये कॅडमियम सल्फाइडची पेशी असते. तिच्यावर उजेड पडला की तिचा रोध कमी होतो, जास्त प्रवाह वाहतो, काटा सरकतो. म्हणजे काटा दोन गोष्टींवर हलतो, उजेडावर आणि सेलच्या व्होल्टेजवर. व्होल्टेज ठरलेलं नसेल तर काट्याला काही अर्थ उरत नाही. आणि ही चूक सगळ्या उजेडांत सारखी नसते. म्हणून भटकी_वाई यांना कधी अर्धा, कधी दीड स्टॉप फरक दिसतोय. एएसएचा, म्हणजे फिल्मच्या वेगाचा, डायल एकदाच मागे लावून ती चूक भरून काढता येत नाही.

सगळ्याच जुन्या कॅमेऱ्यांचं असं नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचा मीटर ब्रिज सर्किटवर चालतो. त्यात दोन बाजू एकमेकींशी तोलल्या जातात, त्यामुळे थोडं जास्त व्होल्टेज त्याला चालतं. यशिकात तशी सोय नाही.

सोल्डरिंगची सवय असेल तर दुसरा मार्ग आहे. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्ट देतो आणि शेवटपर्यंत तेवढाच देतो. त्याच्या वाटेत एक शॉट्की डायोड टाकला की व्होल्टेज १.३५ च्या आसपास येतं. असा डायोड आत बसवलेले तयार अडॅप्टरही मिळतात. झिंक-एअर स्वस्त पडतो, अडॅप्टर एकदा घेतला की कटकट जाते. मी अडॅप्टरवाला आहे.

भटकी_वाई

दोघांचे मनापासून आभार. कडेची अक्षरं काळी, स्पष्ट आहेत. सेलवर भिंगातून पाहिलं तर एल आर ६२५ असं कोरलंय. म्हणजे अल्कलाइनच ना?

श्रवणयंत्राचा सेल आणते. पण नवा सेल घातल्यावर मीटर बरोबर सांगतोय हे पडताळायचं कसं? फोनच्या ॲपवर तरी किती विश्वास ठेवायचा?

लाल_दिवा

हो, एल आर म्हणजे अल्कलाइन.

पडताळणीसाठी आपल्याकडे एक फुकटचं माप आहे, ते म्हणजे दुपारचं ऊन. आकाश निरभ्र, सूर्य पाठीमागे किंवा बाजूला आणि बऱ्यापैकी वर असेल तर ॲपर्चर एफ/१६ ठेवायचं (आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं. १०० ची फिल्म असेल तर १/१२५, ४०० ची असेल तर १/५००. याला सनी सिक्स्टीन म्हणतात. हा प्रकाश ईव्ही १५ चा (ईव्ही म्हणजे उजेडाच्या पातळीचा आकडा). वर्षानुवर्षं तो बदललेला नाही आणि त्याला सेल लागत नाही. मीटरचा डायल १०० वर लावा आणि उन्हातल्या हिरवळीवर किंवा मळलेल्या मातीच्या वाटेवर कॅमेरा रोखा. १/१२५ ला एफ/१६ च्या आसपास काटे जुळले की उजळ टोकाला मीटर ठीक आहे. अर्धा स्टॉप इकडंतिकडं झाला तर सोडून द्या.

मग सावलीत या. तिथं फोनचं ॲप ताडायला घ्या. फक्त फोन आणि कॅमेरा दोघांनाही एकच वस्तू दाखवा, जवळून, चौकट भरून. रंग न दिलेली सिमेंटची भिंत त्याला उत्तम. तुम्ही ओसरीत ताडून पाहिलंत तेव्हा फोन आजीकडं पाहत असेल आणि कॅमेरा अंगणासकट सगळ्याकडं. यशिकाची पेशी वरच्या लेन्सच्या डोक्यावर, नाव लिहिलेल्या पट्टीत आहे. ती लेन्समधून बघत नाही, आणि चौकटीबाहेरचा उजेडही तिला दिसतो. मागं उजळ अंगण, वर आभाळाची फट असेल तर ती तेच मोजणार. म्हणून मीटर बघताना कॅमेरा थोडा खाली झुकवा किंवा वस्तूच्या जवळ जाऊन वाचन घ्या, मग मागं येऊन फोटो काढा. माझ्या मते तुमच्या ओसरीत सेलनं एक स्टॉप खाल्ला आणि अंगणानं दुसरा.

या पेशीचा आणखी एक स्वभाव असा की भर उन्हातून एकदम आत आलात तर ती थोडा वेळ उन्हातच असते. काटा स्थिर व्हायला वेळ द्या. वरचं झाकण उघडलं की मीटर सुरू होतो, मिटलं की बंद. पिशवीत ठेवताना झाकण उघडं राहिलं तर सेल वाया जातो.

थेम्सकाठ

सनी सिक्स्टीन लंडनला डिसेंबरात चालत नाही, एवढी पुस्ती जोडतो. इथं हिवाळ्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फार वर येत नाही. निरभ्र आभाळ असलं तरी एक स्टॉप उघडावा लागतो, सकाळ-संध्याकाळ दोन. भारतातही सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्ताआधीचे दोनेक तास हा नियम धरू नका. त्या वेळचं ऊन डोळ्यांना झगझगीत वाटतं, पण फिल्मसाठी कमी असतं. आपले डोळे स्वतःला जुळवून घेतात, त्यामुळे उजेडाचा अंदाज करायला डोळे हे सगळ्यात वाईट साधन आहे. मी डोळ्यांपेक्षा सावल्या बघतो. सावलीची कड चाकूनं कापल्यासारखी असेल तर एफ/१६. कड विरघळायला लागली की एफ/११. सावली जेमतेम कळते, तेव्हा एफ/८. सावली पडतच नाही, आभाळ भरलंय, तेव्हा एफ/५.६. उघड्या आभाळाखालच्या सावलीत, म्हणजे इमारतीच्या आडोशाला, एफ/४. शटर तेच ठेवायचं.

मामा म्हणतात ती सवय बहुतेक हीच असावी.

कातळवेडा

धागा छान चाललाय. सेल बदलून, पडताळून, सगळं बरोबर झालं तरी मीटर एका बाबतीत फसवणारच, ते लिहितो. या गोष्टीबद्दल मला फार वाटतं. कारण सह्याद्रीत फोटो काढणाऱ्याला ती पावलोपावली आडवी येते.

समोर काय आहे हे मीटरला कळत नाही. जे दिसेल ते मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून तो आकडा सांगतो. किल्ल्याचा काळा कातळ दाखवा, तो म्हणेल उजेड कमी आहे, ॲपर्चर उघड. ऐकलंत तर कातळ राखाडी येतो आणि बुरुजावरचं आभाळ पांढरं फटक. पावसात भिजलेला कातळ तर आणखी काळा असतो. तिथं मी मीटरपेक्षा एक ते दीड स्टॉप बंद करतो.

वारीत उलट होतं. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे चौकटभर पसरलेले. मीटर म्हणतो, केवढा उजेड, बंद कर. ऐकलंत तर पांढरं मळकट आणि त्या टोप्यांखालचे उन्हानं रापलेले चेहरे काळे ठिक्कर. फोटो चेहऱ्यांचा असतो, टोप्यांचा नाही. तिथं एक स्टॉप तरी उघडावाच लागतो.

यावर वेगळं यंत्र न घेता करता येणारा उपाय म्हणजे तळहात. चेहऱ्याचा वर्ण माणसागणिक बदलतो, तळहाताचा तेवढा बदलत नाही. तळहात साधारण मध्यम करड्यापेक्षा एक स्टॉप उजळ असतो. ज्या उजेडात माणूस उभा आहे त्याच उजेडात, त्याच दिशेनं आपला तळहात धरा, पेशी त्याच्याजवळ न्या, कॅमेऱ्याची सावली हातावर पडू देऊ नका. जो आकडा येईल त्यावर एक स्टॉप उघडा. मीटर १/१२५ ला एफ/११ म्हणाला, तर एफ/८ ठेवायचं. मग पांढरं धोतर असो की काळी घोंगडी, जे जसं आहे तसं येतं.

वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात मी दरवेळी असंच करतो. खाली सावली, वर कड्यावर ऊन. तिथं चौकटीचं सरासरी वाचन घेऊन काहीच हाती लागत नाही.

सेकोनिकवाली

कातळवेडा, तळहाताचा उपाय मीही वापरलाय. पण लग्नात दर फोटोला हात पुढं करत बसता येत नाही. मी सेकोनिक एल-३९८ वापरते. त्यावर पांढरा घुमट असतो. तो वस्तूपाशी धरायचा, तोंड कॅमेऱ्याकडं करून. वस्तूवरून परत येणारा उजेड तो मोजत नाही, वस्तूवर पडणारा मोजतो. त्यामुळे शालू पांढरा की काळा हा प्रश्नच येत नाही. सेलेनियमची पेशी असल्यानं सेलही लागत नाही, उजेडच तिला चालवतो. मांडवातल्या मंद दिव्यांत मात्र तिचा काटा जेमतेम हलतो. जुना घेणार असाल तर उन्हात ईव्ही १५ ला ताडूनच घ्या. सेलेनियम वर्षानुवर्षं दमटपणात राहिलं की मरतं आणि पुन्हा जिवंत होत नाही.

ग्रेन_भक्त

एवढं सगळं कशाला? एचपी५ आहे ना? डायल २०० वर लावा आणि विसरा. निगेटिव्ह फिल्म ओव्हर सहन करते. सावल्या भरून येतात.

लाल_दिवा

ग्रेन_भक्त, सल्ला अर्धा बरोबर आहे. निगेटिव्हला अंडर सोसत नाही, ओव्हर बरंच सोसतं, हे खरं. रंगीत निगेटिव्हवर एक स्टॉप जास्त दिला तर रंग उलट भरीव येतात. पण ताईंचा मीटर एका ठिकाणी अर्धा आणि दुसऱ्या ठिकाणी दीड स्टॉप चुकत होता. अशा मीटरवर २०० लावून ओसरीतला फोटो तरीही अर्धा स्टॉप अंडरच राहिला असता. आधी माप नीट करायचं, मग त्यावर आपली आवड.

आणि "सावल्यांसाठी एक्स्पोज करा" हे वाक्य सगळीकडं ऐकू येतं, त्याचा एक भाग हमखास सुटतो. सावलीवर मीटर रोखून तो म्हणेल तेच लावलंत, तर सावली मध्यम करडी होते. ती सावली राहत नाही, दुपार होते. अन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास झोनची पद्धत बसवली तीच याच्यासाठी. जिथं गडदपणा हवाय पण पोतही दिसायला हवा, ती जागा मध्यम करड्याच्या दोन पायऱ्या खाली ठेवायची.

ताईंच्या ओसरीचंच घेऊ. लाकडी खांबाजवळ जाऊन मीटर घेतला, समजा १/६० ला एफ/४ आलं. तिथून दोन स्टॉप बंद करायचं, म्हणजे १/६० ला एफ/८. किंवा हात हलायला नको म्हणून १/१२५ ला एफ/५.६, उजेड तेवढाच. खांब गडद येईल आणि त्याच्या रेषाही दिसतील. मग आजीच्या चेहऱ्यावर मीटर घ्या. तो खांबापेक्षा दोन-तीन स्टॉप उजळ निघाला तर सगळं सुखानं एका निगेटिव्हवर बसतं. अंगणातलं ऊन सहा-सात स्टॉप वर असेल, ते पांढरं जाऊ दे किंवा चौकटीत घेऊच नका.

स्टुडिओत आम्ही उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू आणि जर्मनीचा ऑरवो हे रोल वापरायचो. तेव्हा रोल वाया घालवण्याची चैन नव्हती. एका रोलवर बाराच फोटो. म्हणून मीटर बघण्याआधी मनात आकडा म्हणायचा आणि मग मीटरला विचारायचं, असा शिरस्ता होता. दोघांचं जुळलं की शटर दाबायचं. नाही जुळलं तर का नाही, ते शोधायचं. कुणी नवखा शिकायला आला तर त्याला पहिला धडा हाच.

स्लाइडप्रेमी

इथं एक वाक्य माझंही. हे सगळं निगेटिव्हसाठी. स्लाइड फिल्म, म्हणजे थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी, भरलीत तर नेमकं उलटं. तिथं उजळ भाग सांभाळायचा, कारण स्लाइडवर एकदा पांढरं गेलं की ती जागा रिकामी फिल्म असते. अर्धा स्टॉपही तिथं दिसतो. जुन्या मीटरवर पहिला प्रयोग स्लाइडचा करू नका.

रत्नांग्री_हापूस

शटरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आम्हा कोकणवाल्यांचं दुखणं तेच. दमट हवेत कॅमेरा वर्षानुवर्षं कपाटात पडला की शटरच्या मंद वेगांच्या चक्रातलं ग्रीस घट्ट होतं. एक सेकंदाला लावलं तर चक्र कुरकुरत मधेच अडकतं, मग दोन सेकंदांनी मिटतं. भटकी_वाई यांच्या रोलला हे कारण नाही, कारण शटर मंदावलं तर निगेटिव्ह दाट होते, पातळ नाही. तरी तपासून घ्याच.

रोल नसताना मागचं दार उघडा, कॅमेरा खिडकीकडं करून टेबलावर ठेवा, ॲपर्चर पूर्ण उघडा. मागून फोन लावून स्लो मोशनचं चित्रण करा. बहुतेक फोन सेकंदाला २४० चौकटी घेतात. मग एकेक चौकट सरकवत, शटर किती चौकटी उघडं दिसतं ते मोजा. १/३० ला आठ चौकटी यायला हव्यात, १/१५ ला सोळा, १/६० ला चार. १/१२५ च्या पुढं फोनचा उपयोग नाही, तिथं दोनही चौकटी पुऱ्या मिळत नाहीत. १/३० ला अकरा-बारा चौकटी आल्या तर तो वेग अर्धा स्टॉप मंद आहे, एवढं लक्षात ठेवून वापरायचं. मधेच अडकत असेल तर जाणकाराकडूनच साफ करून घ्या. घरी तेलाचा थेंब सोडू नका, ते पात्यांवर पसरतं आणि शटर कायमचं चिकटतं.

आणि पावसाळाभर सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

भटकी_वाई

केवढं शिकायला मिळालं! ६७५ सेल मिळाला, स्टेशनरीतल्या रबराची रिंग करून बसवला. दुपारी अंगणात १०० वर १/१२५ ला काटा एफ/१६ च्या किंचित खाली आला. सिमेंटच्या भिंतीवर सावलीत फोन आणि मीटर आता जवळजवळ एकच सांगतात. शटर १/३० ला नऊ चौकटी, १/१५ ला सोळा. मामांना सांगितलं तर फार खूश झाले. म्हणाले, "आता पिवळा फिल्टर लाव, आभाळ बघ कसं उठतं." त्यांच्या डब्यात आहे तो. त्याचं एक्स्पोजर कसं धरायचं?

सेकोनिकवाली

इथंच बरेच जण घसरतात. एसएलआरमध्ये, म्हणजे एकाच लेन्समधून बघायच्या कॅमेऱ्यात, मीटर लेन्समधून बघतो, फिल्टर लावला की तो आपोआप हिशेबात धरतो. तुमच्या यशिकाची पेशी लेन्सच्या बाहेर आहे. फिल्टर खालच्या लेन्सवर चढतो, मीटरला त्याचा पत्ता नसतो. पिवळ्याला साधारण एक स्टॉप जास्त द्यायचा, गडद लाल असेल तर तीन. सोपा मार्ग म्हणजे फिल्टर चढवला की एएसएचा डायल ४०० वरून २०० वर आणायचा, आणि फिल्टर काढला की आठवणीनं परत ४०० वर.

मधुरा_बडोदा

धाग्यात थोडं घुसते. आमच्याकडं बाबांचा आग्फा क्लिक ३ आहे, इथं बडोद्यालाच बनलेला. त्यावर आकडे नाहीतच, नुसती सूर्याची आणि ढगाची खूण. त्यात १२० चा रोल जातो. त्याचं एक्स्पोजर कसं ठरवायचं? आणि आजोबांचा एक घडीचा जर्मन कॅमेरा आहे. त्यावर ॲपर्चर ४.५, ६.३, ९, १२.५, १८ असं, शटर १/२५, १/५०, १/१००. हे आकडे कुठल्याच तक्त्यात सापडत नाहीत. फिल्मच्या वेगाचा आकडा २१ डिन असा कोरलाय.

लाल_दिवा

मधुराताई, क्लिकवर ठरवायचं ते फिल्म निवडतानाच. त्याचं शटर एकाच मंद वेगानं चालतं. म्हणून १०० च्या वरची फिल्म भरू नका आणि उन्हात सूर्याच्या खुणेवरच काढा. हात घट्ट धरा. ४०० ची फिल्म त्यात फार ओव्हर जाते.

घडीच्या कॅमेऱ्यावर आहे ती ॲपर्चरची जुनी मालिका. तिथंही दर पायरीला एकेक स्टॉपच आहे, फक्त सुरुवात वेगळी. ९ म्हणजे ८ आणि ११ च्या मधलं, १८ म्हणजे १६ पेक्षा थोडं बंद. १/१०० ला १/१२५ समजा, १/५० ला १/६०, १/२५ ला १/३०. हा फरक निगेटिव्हला जाणवत नाही. २१ डिन म्हणजे १०० एएसए. दर तीन डिनला वेग दुप्पट होतो, म्हणून २४ म्हणजे २००, २७ म्हणजे ४००, आणि खाली १८ म्हणजे ५०. १०० ची फिल्म भरून उन्हात १८ वर १/१०० ठेवा, काम झालं. भाता उजेडापुढं धरून कुठं छिद्रं नाहीत ना ते आधी बघा. घडीच्या कोपऱ्यांवर हमखास असतात.

भटकी_वाई

शेवटचं एक विचारते. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर दिवे लावतात, ते काढायचे आहेत. तिपाई आणि केबल रिलीज आहे. तेवढ्या अंधारात हा मीटर काय सांगणार?

कातळवेडा

मीटरवर सोडू नका. पणत्यांच्या उजेडातला चेहरा जवळून साधारण ईव्ही ४ धरतात. ४०० च्या फिल्मला एफ/३.५ वर १/४ सेकंदाच्या आसपास. माणसं स्थिर राहिली तर मिळेल. ज्योत पांढरी जाणार, जाऊ दे.

घाटाच्या पायऱ्या आणि पाण्यातलं प्रतिबिंब यांसाठी एफ/८ वर जा. तिथं काही सेकंद लागतील आणि फिल्म आळसावते. लांब एक्स्पोजरला ती उजेडाला तेवढा प्रतिसाद देत नाही, जास्त वेळ द्यावा लागतो. एचपी५ साठी इलफर्डनं दिलेला घातांक १.३१ आहे, म्हणजे मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात करायचा. हिशेब निघतो तो असा. ४ सेकंद मोजले तर ६ द्या, ८ ला १५, १५ ला ३५, आणि ३० मोजले तर जवळजवळ दीड मिनिट. हे आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा, अंधारात गणित सुचत नाही. शटर बी वर, केबल दाबून धरायची आणि घड्याळ बघत मोजायचं.

पौर्णिमा आहे, तेव्हा चंद्र चौकटीत घेण्याचा मोह होईल. उन्हात न्हालेला दगड आहे तो. त्याला ४०० वर एफ/११, १/५०० लागतं, आणि घाटाला अर्धं मिनिट. दोन्ही एका फोटोत बसत नाहीत. चंद्र पाठीशी ठेवा, त्याचा उजेड पायऱ्यांवर पडू दे.

लाल_दिवा

आणि ताई, रोल भरताना मागची दाबपट्टी १२० वर आहे ना ते बघा. या कॅमेऱ्यात ती २२० या दुप्पट लांबीच्या रोलसाठीही सरकते. चुकीच्या खुणेवर राहिली तर एक्स्पोजर बरोबर असूनही फोकस हलतो. मोकळ्या ॲपर्चरला, पणत्यांसमोर, ते सगळ्यात आधी दिसेल.